काल तर सारे येत होते!

आधी एक लहानसा प्रयोग करू. दहा रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला एका चौकटीत तिची किंमत निरनिराळ्या भाषांत छापलेली असते. नोट न पाहता सांगा, त्या चौकटीत एकूण किती भाषा आहेत? आणि मराठीचा क्रमांक वरून कितवा? उत्तर कागदावर लिहा. नोट मात्र इतक्यात पाहू नका.

अडलात ना? नोट तर शेकडो वेळा हातातून गेली आहे. निकर्सन आणि ॲडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली काही लोकांना त्यांच्याच देशातील एक सेंटचे नाणे आठवून काढायला सांगितले होते. त्यावरील आठ मुख्य खुणांपैकी साधारणपणे तीनच खुणा लोकांना योग्य जागी काढता आल्या. तरीही तेच नाणे हातात पडले की ते लगेच ओळखता येते!

समोर आलेली गोष्ट ‘ही माहीत आहे’ असे ओळखणे, याला मानसशास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात. गोष्ट समोर नसताना ती मनात आणणे हे प्रत्यावाहन. नावे जड आहेत, पण यांतला फरक तुम्हांला चांगलाच भोवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री इतिहासाचा धडा तुम्ही पाचव्यांदा वाचता. प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. ‘येते आहे’ असे म्हणून पुस्तक मिटता. दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका कोरीच राहते आणि घरी येऊन तुम्ही म्हणता, ‘काल तर सारे येत होते!’ खरे पाहता काल फक्त ओळख पटत होती. परीक्षेत मागितले जाते ते प्रत्यावाहन, आणि त्याची तपासणी तुम्ही केलेलीच नव्हती. अशा वेळी पुष्कळ मुले स्वतःला ‘ढ’ समजू लागतात, याचे मला वाईट वाटते.

विस्मरणाचे मोजमाप प्रथम हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने केले. त्याचे पुस्तक १८८५ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच! अर्थ माहीत असलेले शब्द लवकर पाठ होतात, म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले. ‘केफ’, ‘दुझ’ अशा धर्तीचे समजा. त्यांच्या याद्या तो न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ करी, काही काळ थांबे आणि मग त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजी. वीस मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचे, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के. म्हणजे मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते. पुढे मात्र ती मंदावते. ३१ दिवसांनंतरही २१ टक्के बचत उरलेली होती. ‘पार विसरलो’ असे आपण म्हणतो, तेव्हाही बहुधा काहीतरी शिल्लक असते.

त्याला आणखी एक गोष्ट आढळली, ती तुमच्या फार उपयोगाची आहे. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढा लाभ होई, जवळजवळ तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी होई.

आता २००६ साली प्रसिद्ध झालेला रोडिगर आणि कार्पिक यांचा प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार बैठकांत पुनःपुन्हा वाचला. प्रत्येकाचे सरासरी चौदा वेळा वाचन झाले. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत तो तीन-साडेतीन वेळाच वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना ६१! गंमत अशी, की आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच अधिक होता.

याचा अर्थ, आठवणे ही नुसती तपासणी नाही. आठवण्याच्या श्रमाने स्मरण पक्के होते. आपल्याकडे पाढे म्हणवून घेतात तेव्हा पुस्तक समोर नसते; या रीतीला आपण उगाच नावे ठेवतो. (न समजता घोकणे निराळे. अर्थ कळला तर श्रम किती वाचतात, हेही एबिंगहाउसने दाखवले आहे : कवितेची कडवी पाठ करायला त्याला निरर्थक अक्षरांच्या सुमारे एक दशांश श्रम पुरले.)

तेव्हा धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि मुद्दे लिहून काढा. अडाल, चुकाल. मगच पुस्तक उघडून राहिलेले पाहा. दोन दिवसांनी पुन्हा तसेच करा. शिक्षकांनाही तासाच्या आरंभी कालच्या धड्यावर तीन प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवून घेता येतील. गुण देण्याची गरज नाही.

आता नोट काढा. चौकटीत पंधरा भाषा आहेत. इंग्रजी वर्णमालेत त्यांची नावे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने त्या छापलेल्या आहेत : आसामी पहिली, उर्दू शेवटची. मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्यभागी. तिच्या लगेच वरची आणि लगेच खालची भाषा कोणती, ते आता पाहून घ्या आणि पुढच्या रविवारी नोटेकडे न पाहता लिहून काढा.