हृदयाची तपासणी काय सांगते, काय सांगत नाही



घरातल्या कुणाला मधुमेह झाल्याचे नुकतेच कळले, की घरात कागदांची एक चळत येऊन पडते. उपाशीपोटीच्या साखरेचा कागद, डोळे तपासून घेण्याची चिठ्ठी, आणि त्यांतच ‘ई.सी.जी. काढा’ ही एक ओळ. ही ओळ वाचून माणसे घाबरतात. वाढली आहे ती रक्तातली साखर, मग इथे हृदयाचा काय संबंध? डॉक्टर काही लपवीत तर नाहीत? मोठी माणसे हे उघडपणे बोलत नाहीत, पण तुम्हांला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. तेव्हा हा संबंध नीट समजून घेऊ या.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. मधुमेह असलेल्यांना हृदयविकार, पक्षाघात यांसारखे रोहिण्यांचे आजार होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असतो, हे त्या नोंदींवरून १९७९ साली प्रसिद्ध झाले. वाढलेली साखर रोहिण्यांच्या आतल्या अस्तराला इजा करते. जोडीला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल असले, तर तेथे चरबीचे थर लवकर साचतात. शिवाय जुन्या मधुमेहात मज्जातंतू बोथट होतात आणि छातीतले दुखणे कधीकधी जाणवतच नाही. म्हणून डॉक्टर हृदयाकडे लक्ष देतात. मात्र हे सारे वर्षानुवर्षे हळूहळू घडते. निदान आज झाले म्हणून हृदय आज बिघडले, असा त्याचा अर्थ नव्हे.

आता ई.सी.जी. म्हणजे काय ते पाहू. हृदय आकुंचन पावण्यापूर्वी त्याच्या स्नायूंतून विजेची एक लाट जाते. कातडीपर्यंत येईतो ती जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते, म्हणजे टॉर्चमधल्या सेलच्या दीडहजाराव्या भागाइतकी! ती अचूक टिपणारे यंत्र हॉलंडमधील लायडन येथे आइन्टहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बनवले. रोगी दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. यंत्र इतके अवजड होते, की ते रुग्णालयात नेण्याऐवजी आइन्टहोव्हेन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रोग्याची लाटच प्रयोगशाळेत आणली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आजचा कागद सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. त्यावरचा मोठा चौकोन ५ मिलिमीटरचा, म्हणजे ०.२ सेकंदाचा. दोन उंच टोकांमध्ये चार मोठे चौकोन असतील, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद लागला, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके झाले. घरात असा कागद असेल तर मोजून पाहा. पण त्याच्या वरच्या कोपऱ्यात यंत्राने आपोआप छापलेले ‘नॉन-स्पेसिफिक एस.टी.-टी चेंजेस’ असले शब्द वाचून हबकू नका. रेषेचा आकार किंचित वेगळा आहे आणि त्यावरून कारण सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कागद वाचणे हे डॉक्टरांचे काम आहे.

ठोक्यांची लय बिघडली आहे का, रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झाली आहे का, नकळत झटका येऊन गेला आहे का, याचा सुगावा या कागदावरून लागू शकतो. रोहिणी अरुंद झाली आहे का, हे मात्र तो बहुधा सांगत नाही. चाळीतल्या नळाचे उदाहरण घ्या. नळीत क्षार साचले असले, तरी एकच तोटी उघडली तर पाणी पुरते. सकाळी चारी बिऱ्हाडे एकदम तोट्या उघडतात, तेव्हा धार बारीक होते. स्वस्थ पडलेल्या माणसाचे हृदय एका तोटीवर भागवीत असते. म्हणून त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवतात. अमेरिकेतील सिअॅटल येथील डॉ. ब्रूस यांच्या पद्धतीत आरंभी ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ असतो. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात.

मग काहीच त्रास नसलेल्या सर्वांनाच पट्ट्यावर का चालवू नये? इथे थोडे गणित लागते, आणि मला वाटते, या लेखातला हाच भाग महत्त्वाचा आहे. त्रास नसलेली १,००० माणसे घेऊ. त्यांतील ५० जणांच्या रोहिण्या खरोखर अरुंद आहेत, असे मानू. ही तपासणी १०० आजाऱ्यांपैकी ७० जणांना पकडते आणि १०० निरोग्यांपैकी २० जणांवर उगाच संशय घेते, असेही मानू. ५० पैकी ३५ सापडले. उरलेल्या ९५० निरोग्यांपैकी १९० जणांवर नाहक शिक्का बसला. एकूण २२५ जणांना ‘दोष आहे’ असे सांगितले गेले, आणि त्यांत खरे आजारी फक्त ३५! आता हीच तपासणी छातीत दुखते म्हणून आलेल्या १,००० जणांवर करा आणि त्यांतले ५०० आजारी माना. ३५० खरे, १०० खोटे. यंत्र तेच, चूकही तेवढीच, पण उत्तराचा भरवसा बदलला.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. अमेरिका आणि कॅनडात मधुमेह असलेल्या, पण हृदयाचा त्रास नसलेल्या १,१२३ जणांचे दोन गट केले. एका गटाची हृदयाच्या रक्तपुरवठ्याची किरणोत्सारी द्रव्य वापरून तपासणी झाली, दुसऱ्याची झाली नाही. पाच वर्षांहून थोड्या कमी काळात पहिल्या गटातील २.७ टक्के आणि दुसऱ्यातील ३ टक्के लोकांना झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याउलट, चालताना छातीवर दाब येणे, जिना चढताना पूर्वी नसलेली धाप लागणे, अशी तक्रार असेल तर मात्र गणित बदलते आणि तपासणी लांबवू नये. दाब बसल्या जागीही थांबत नसेल, घाम फुटत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि त्रास नसेल तर? ब्रिटन व आयर्लंडमध्ये मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार न झालेल्या २,८३८ जणांवर एक प्रयोग झाला. मधुमेहाशिवाय रक्तदाब, धूम्रपान यांसारखी आणखी एखादी जोखीम असलेली ही माणसे होती. निम्म्यांना कोलेस्टेरॉल उतरवणारी अटोरव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. खऱ्या गोळीच्या गटात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फरक इतका स्पष्ट होता, की प्रयोग ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे आधीच थांबवून २००४ साली त्याचे निष्कर्ष जाहीर करण्यात आले.