रातांब्याचा चोथा फेकण्याआधी

मे महिन्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरोघरी रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडणे चालू असते. साली सरबतासाठी साखरेत किंवा आगळासाठी मिठात मुरत पडतात, बिया मुठेलासाठी (कोकमाच्या तेलासाठी) वाळत घातल्या जातात. रस गाळून घेतला की मागे उरतो सालींचा चोथा. तो बहुतेक ठिकाणी उकिरड्यावर जातो, आणि त्याच्याबरोबर बराचसा लाल रंगही. हा रंग राखायचा तर पाऊस टेकण्याआधीचे हेच आठवडे हाताशी आहेत.

नैसर्गिक रंगांकडे खाद्यउद्योग वळतो आहे, त्यामागे ठोस कारणे आहेत. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसिन या कृत्रिम लाल रंगाची परवानगी रद्द केली आणि खाद्य उत्पादकांना तो काढून टाकण्यासाठी जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत दिली. आपल्याकडे कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये रंगीत कॉटन कँडी आणि गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. फळाच्या टाकाऊ भागातून रंग काढण्याचा धंदाही नवा नाही. इटलीत काळ्या द्राक्षांच्या चोथ्यापासून केलेला रंग एकोणिसाव्या शतकापासून विकला जातो.

रातांब्याच्या सालीतला लाल रंग अँथोसायनिन गटातला आहे. त्याचा स्वभाव कळला की निम्मे काम झाले. आंबटपणात तो लालबुंद राहतो, आंबटपणा कमी झाला की जांभळट होतो आणि पुढे फिका पडतो. जास्त उष्णता, प्रखर ऊन आणि हवा यांनी तो तपकिरी होतो. लोखंड आणि तांबे यांच्याशी तर त्याचे मुळीच जमत नाही. म्हणून लोखंडी कढई, तांब्याचे पातेले किंवा गंजलेली चाळण या कामाला घेऊ नये. स्टेनलेस स्टील, काच किंवा खाद्यपदार्थांसाठीचे प्लॅस्टिकचे पिंप वापरावे.

आमसुलाला कडक ऊन चालते, मग चोथ्याला का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. आमसूल आंबटपणासाठी विकले जाते आणि काळेभोर झाले तरी गिऱ्हाईक ते घेते. इथे मात्र विकायचा आहे तो रंगच. चोथा सावलीत, वाऱ्यावर पातळ पसरून किंवा सोलर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर वाळवावा. साखरेचा आणि मिठाचा चोथा चुकूनही एकत्र करू नये. साखरेचा चोथा चिकट राहतो आणि लवकर आंबतो, तर मिठाच्या चोथ्यातला रंग गोड पदार्थाच्या कामाचा नाही. आमसुलासाठी लहान किंवा वेडीवाकडी म्हणून बाजूला काढलेली, पण न कुजलेली साल या दोन्हींपेक्षा सरस. बुरशी दिसली तर तो ढीग सरळ टाकून द्यावा. धुऊन, निवडून बुरशीचा धोका जात नाही.

घरगुती प्रमाणावर रंग काढणे अवघड नाही. कोमट पाण्यात लिटरमागे पाच ते दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून त्यात चोथा बुडेल असा काही तास झाकून ठेवावा, स्वच्छ फडक्यातून पिळून गाळावा आणि थोड्या पाण्याने पुन्हा एकदा काढावा. उकळू नये, चुलीवर आटवलेला रस विटकरी होतो. घट्ट अर्क किंवा पूड करायला निर्वात बाष्पीभवन आणि स्प्रे ड्रायर लागतो. ती यंत्रे एकट्याने पहिल्याच वर्षी घेणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. गटाने वाळलेली साल एकत्र करावी, तिचा नमुना हंगामाआधीच खरेदीदाराला दाखवावा, दर ठरवावा, मगच माल साठवावा. पातळ रस फ्रीजमध्ये ठेवून थोड्याच दिवसांत स्वतःच्या जेली-सिरपमध्ये वापरता येतो. खाण्याच्या सोड्याच्या केकमध्ये मात्र तो टिकत नाही.

अस्सलपणा दाखवण्याची सोपी खूण अशी: चमचाभर रसात सोड्याची चिमूट टाकली की लाल रंग निळसर-हिरवट होतो, लगेच लिंबू पिळले की पुन्हा लालीकडे वळतो. बहुतेक कृत्रिम लाल रंग असे बदलत नाहीत.

‘खाद्यरंग’ म्हणून बाटली विकायची तर अन्नसुरक्षा परवाना आणि प्रयोगशाळेची तपासणी हवीच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांच्या अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतले जातात का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारावे.

सोलापूर-सांगोल्याकडेही डाळिंबाचे दाणे काढणाऱ्या युनिटमध्ये सालींचे ढीग लागतात. त्यांचे गणित वेगळे आहे. त्या सालीत टॅनिन भरपूर असते आणि ती कापडाच्या रंगाईला उत्तम. तुरटीबरोबर सुती कापडावर पिवळा रंग चढतो, लोहक्षार घातले तर करडा-काळा. कोकमाला मारक असलेले लोखंड इथे कामाला येते. वाळलेली साल महिनोन्‌महिने टिकते, हा मोठा फायदा. मात्र डाळिंबावर फवारण्या जास्त होतात आणि औषधांचा अंश सालीवर राहू शकतो. त्यामुळे अवशेष तपासणीशिवाय ही साल खाण्याच्या उपयोगाला देऊ नये.

नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम सरला आहे. रंग मिळतो तो काळ्या द्राक्षांतून, थॉमसनसारख्या हिरव्या वाणांतून नव्हे. रेड वाइनचा चोथा ढिगात तापतो आणि लवकर बिघडतो. तेव्हा पुढच्या वर्षी तो उचलायचा असेल तर जानेवारीत गाळप सुरू होण्यापूर्वीच वायनरीशी बोलून वाहन, वाळवणीची जागा आणि खरेदीदार ठरवून ठेवावेत.