भागीदारीतून उभा राहिलेला धंदा : हैदराबादच्या लस-उद्योगाचा धडा

बेकरी चालविणाऱ्या बांधवांना खमीर म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. मैद्यात थोडेसे मिसळून उबेत ठेवले की पीठ फुगून वर येते. खमिराच्याच एका जातीला शास्त्रज्ञांनी निराळे काम शिकविले. 'हिपॅटायटीस-बी' या काविळीच्या विषाणूच्या आवरणातील एक अंश खमिराच्या पेशी तयार करू लागल्या. हा अंश शुद्ध करून टोचला की शरीर त्या विषाणूला ओळखायला शिकते. खुद्द विषाणू त्या लशीत नसतो. या पद्धतीची पहिली भारतीय लस ऑगस्ट १९९७ मध्ये हैदराबादहून बाजारात आली.

ही कावीळ रक्तातून पसरते. न उकळलेली सुई, एकाचा वस्तरा दुसऱ्याला, बाळंतपणात आईकडून मुलाला, अशा वाटांनी ती शिरते आणि काही वर्षांनी यकृत खराब करते. लस परदेशातून येत होती, पण एका मात्रेला शेकड्यांत रुपये लागत, आणि मात्रा तीन घ्याव्या लागत. मजुराच्या घरात चार मुले असतील तर हिशेब जमणार कसा? भारतीय लस आली, तिच्यामागे दुसऱ्या कंपन्यांच्या लशी आल्या आणि एका मात्रेची किंमत पन्नास रुपयांच्या आसपास उतरली. पुढे ही लस सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली.

हे घडले कसे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. कारण औषधे व लशी यांचा धंदा एकट्या शेठजीच्या बळावर उभा राहत नाही, एकट्या सरकारच्या बळावर नाही आणि एकट्या शास्त्रज्ञाच्या बळावरही नाही.

पाया आधीचा होता

हैदराबादला हा उद्योग एका दिवसात आला नाही. निजामाच्या राजवटीत १९४४ साली तेथे एक सरकारी औद्योगिक प्रयोगशाळा निघाली. तीच आज 'भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था' म्हणून ओळखली जाते. उस्मानिया विद्यापीठ त्याहून जुने, १९१८ चे. राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ मध्ये या शहरात आली. १९६१ साली केंद्र सरकारने सोव्हिएत मदतीने 'आय.डी.पी.एल.' ही औषध कंपनी काढली व तिचा एक मोठा कारखाना हैदराबादला उभारला. १९७७ मध्ये पेशी व रेणू यांचा अभ्यास करणारी 'सी.सी.एम.बी.' ही संस्था सुरू झाली.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता ते बनविण्याच्या पद्धतीवर देण्याची सोय केली. त्यामुळे तेच औषध वेगळ्या रीतीने बनविण्यास भारतीय कारखानदार मोकळे झाले. (ही सवलत २००५ मध्ये संपली.) आय.डी.पी.एल. मध्ये हात बसलेले अनेक रसायनतज्ज्ञ बाहेर पडले व त्यांनी आपापले कारखाने काढले. डॉ. अंजी रेड्डी त्यांपैकीच, त्यांची 'डॉ. रेड्डीज' १९८४ ची. आय.डी.पी.एल. पुढे आजारी उद्योग ठरली, परंतु तिने घडविलेले कारागीर शहरात राहिले. ज्या उस्तादाचे दुकान बंद पडते पण शागीर्द बाजार चालवितात, तशी ही गोष्ट झाली.

एका कंपनीचा हिशेब

'शांता बायोटेक्निक्स' ही कंपनी १९९३ मध्ये वरप्रसाद रेड्डी यांनी स्थापन केली. ते इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, त्यापूर्वी बॅटरीच्या धंद्यात होते. जीवशास्त्र त्यांना येत नव्हते. परदेशी तंत्र विकत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तेव्हा येथेच लस बनवायची असे ठरले. प्रत्येकाने त्यात काय घातले, हे वहीत मांडून पाहावे.

विद्यापीठ व सरकारी संस्थेने जागा व ज्ञान दिले. आरंभी काम उस्मानिया विद्यापीठात झाले, नंतर सी.सी.एम.बी. च्या आवारात. नव्या कंपनीला कोट्यवधींची यंत्रे विकत न घेता ती वापरता आली.

भांडवल दूरच्या भागीदाराने घातले. तारण ठेवण्यासारखे काही नसल्याने बँका तयार नव्हत्या. ओमानचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री युसुफ बिन अलवी यांनी कंपनीत मोठा हिस्सा घेतला. चार वर्षे विक्री शून्य, नुसता खर्च. अशा वेळी कर्जाचा दरमहा हप्ता धंद्याचा गळा आवळतो. नफा-तोट्यात वाटेकरी असलेला भागीदार थांबू शकतो.

सरकारी कर्ज नंतर आले. केंद्राच्या 'तंत्रज्ञान विकास मंडळा'ने, जे १९९६ मध्ये स्थापन झाले, या कंपनीला मदत केली.

उद्योजकाने जोखीम, धावपळ आणि विक्री सांभाळली. डॉक्टरांना व पालकांना पटविणे हे त्याचेच काम होते.

यांपैकी एकही खांब काढला असता तर छप्पर खाली आले असते. पुढे २००९ मध्ये ही कंपनी फ्रान्सच्या 'सनोफी'ने घेतली. पण तोवर शहरात लस बनविणारे हात तयार झाले होते.

जागा, रस्ता आणि धीर

१९९९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारने शहराच्या उत्तरेस शामीरपेठ भागात 'जिनोम व्हॅली' घोषित केली. सरकारने सुमारे २०० एकर जमीन दिली आणि तिच्यावर आय.सी.आय.सी.आय. ने भाड्याने देण्याच्या प्रयोगशाळांचे 'नॉलेज पार्क' उभारले. आपल्याकडे गाळे भाड्याने मिळतात, तशा तेथे तयार प्रयोगशाळा मिळू लागल्या. लहान कंपनीला याचा मोठा आधार झाला.

दुसरे उदाहरण धीराचे आहे. लहान मुलांच्या जीवघेण्या जुलाबांस कारण होणाऱ्या रोटाव्हायरसचा एक सौम्य वाण १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या 'एम्स' मध्ये नवजात बालकांत सापडला. त्यापासून लस बनविण्याचे काम हैदराबादच्या 'भारत बायोटेक' कडे आले. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतील संशोधन संस्था व देणगीदार प्रतिष्ठाने त्यात सामील झाली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू येथे मिळून सुमारे ६,८०० बालकांवर चाचणी झाली. लशीला परवाना मिळाला २०१४ मध्ये. म्हणजे शोधापासून बाजारापर्यंत तीस वर्षांच्या आसपास! पुढे २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा करून हैदराबादला दिला, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये लशीला तातडीची मान्यता मिळू शकली. इतकी घाई साधली, कारण संस्था आणि कारखाना यांना एकमेकांबरोबर काम करण्याची सवय आधीच होती.

ज्याला भागीदार केले नाही

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू भागात औषधांचे कच्चे रसायन बनविणारे कारखाने दाटीने वाढले. सांडपाणी ओढ्या-तळ्यांत गेले, विहिरी बिघडल्या, शेतकरी न्यायालयात गेले. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तेथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात 'सिप्रोफ्लॉक्सासिन' हे जंतुनाशक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात, आणि मग तेच औषध रुग्णाला लागू पडेनासे होते. औषध बनविणारा धंदाच औषध निकामी करू लागला. सरकार, बँक व कारखानदार एकत्र बसले, पण शेजारचा शेतकरी बैठकीत नव्हता. त्याची किंमत पुढे सर्वांनाच मोजावी लागली.

मुंबईचा जुना दाखला

लोकांना सोबत घेतले तर काय होते, याचा दाखला मुंबईतच आहे. १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांत भीती होती, अफवा होत्या. जेमतेम १९ वर्षांच्या तिसऱ्या आगाखानांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी आपली एक इमारत दिली. खोजा समाजातील हजारो लोक, ज्यांत व्यापाऱ्यांचा भरणा होता, पुढे आले. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आज तीच हाफकिन संस्था होय. शास्त्रज्ञाकडे लस होती, पण लोकांचा विश्वास समाजाच्या माणसाने मिळवून दिला.

आपण काय करावे?

आपल्यापैकी फार थोडे लस बनवतील. परंतु अशा प्रत्येक कारखान्याभोवती लहान धंद्यांचे जाळे असते. पुणे, मुंबई, संभाजीनगर भागात औषध कंपन्या आहेत. त्यांना स्टीलची भांडी व पाइप, वातानुकूलनाचे डक्ट, छापील खोकी, थंड गाड्या लागतात. त्यांच्या दारात जाण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, कागद. फॅब्रिकेशन करणाऱ्याचे आर्गन वेल्डिंग कितीही सुबक असो, पत्र्याचे टेस्ट सर्टिफिकेट व हीट नंबर नसेल तर औषध कंपनी भांडे घेऊ शकत नाही. औषध नियमांतील 'शेड्यूल एम' आता अधिक कडक झाले आहे. प्रत्येक कामाची नोंद त्याच दिवशी लिहिण्याची सवय लावावी.

दुसरी, कामाचे ज्ञान. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. हिपॅटायटीस-बी ची लस गोठली तरी वाया जाते. बर्फाला चिकटवून माल नेणारा वाहतूकदार चांगल्या हेतूनेच नुकसान करतो.

तिसरी, संस्थेचे दार. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील 'व्हेंचर सेंटर' नव्या उद्योजकांना जागा व उपकरणे भाड्याने देते. केंद्राची 'बायरॅक' ही संस्था २०१२ पासून नव्या कल्पनांना मदत देते. तिच्या एका योजनेत ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. घरातील शिकलेल्या मुला-मुलींना हे ठाऊक असावे. बी.एस्सी. झालेली मुलगी आणि वर्कशॉप चालविणारा तिचा भाऊ एका टेबलाशी बसले, तर भागीदारीची सुरुवात घरातच होते.

चौथी, लेखी करार. कोण काय घालणार, नफा-तोटा कसा वाटणार, शोधावर हक्क कोणाचा, भागीदार बाहेर पडला तर काय, हे आरंभीच लिहावे. विश्वास असतानाच लिहिलेला कागद पुढे तो विश्वास राखतो.

हैदराबादने पन्नास वर्षे पेरले तेव्हा पीक आले. आपल्या गावात उद्योग का येत नाही, अशी तक्रार आपण करतो. गावातील कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपण शेवटचे कधी गेलो होतो, तेथील प्राध्यापकांना आपल्या वर्कशॉपमध्ये कधी बोलावले होते, हा प्रश्न त्या तक्रारीआधी स्वतःला विचारावा.