नवनियुक्त परिचारिका : पहिल्या वर्षातील प्रश्न आणि वैद्याचे दायित्व

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चतुष्पादांपैकी पहिल्या दोहोंवर आपल्या परिषदांतून विपुल चर्चा होते. उपस्थात्याचा पाद मात्र बहुधा श्लोकपठणापुरताच उरतो. चरकाचार्यांनी खुड्डाकचतुष्पाद अध्यायात परिचारकाचे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच असे चार गुण सांगितले. सुश्रुताचार्यांनी किळस न मानणे, बलवान असणे, न थकणे आणि वैद्याचे वचन पाळणे हेही अपेक्षिले. पंचकर्म रुग्णालयात प्रथमच रुजू होणाऱ्या परिचारिकेमध्ये हे गुण रुजण्यासारखी व्यवस्था आपण ठेवतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही मुलगी तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी घेऊन येते. तिचे शिक्षण आधुनिक रुग्णालयास अनुसरून झालेले असते. एनिमा म्हणजे कोष्ठ रिकामे करणे, एवढेच तिला ठाऊक असते. अशा परिचारिकेस पहिल्याच सायंकाळी ‘जेवण होताच मात्राबस्ती द्या’ असा आदेश मिळाला, तर ती गोंधळते; क्वचित रुग्णास त्रास होईल या भीतीने बस्ती पुढेही ढकलते. तिच्या शिक्षणाच्या दृष्टीने तिचा विचार चुकीचा नसतो. त्यावर ‘सांगितले तेवढे करा’ हे आपले ठराविक उत्तर! वास्तविक रिक्त कोष्ठात दिलेला स्नेह ऊर्ध्व जातो म्हणून अनुवासन व मात्राबस्ती भोजनोत्तर, आणि भुक्तावर निरूह दिल्यास छर्दी संभवते म्हणून निरूह रिकाम्या पोटी, हे समजावण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. तीच गोष्ट बस्तिद्रव्याच्या मिश्रणाची. मध, सैंधव, स्नेह, कल्क आणि शेवटी क्वाथ हा क्रम मोडला की स्नेह वर तरंगतो. खलामध्ये दोन्ही प्रकार एकदा करून दाखवावेत; ती पुन्हा विचारणार नाही. कारण ज्ञात असेल तरच ती उपचारज्ञता. अन्यथा ती केवळ आज्ञाधारकता होय.

दाक्ष्याच्या संदर्भात उपकल्पनीय अध्याय पुन्हा वाचण्याजोगा आहे. तेथे अन्न शिजविणारा, स्नान घालणारा, अंग चोळणारा, रुग्णास उठविणारा व निजविणारा, औषधे वाटणारा अशी मनुष्यांची स्वतंत्र गणना केली आहे. आपल्याकडे ही सर्व कामे, शिवाय दूरध्वनी घेणे व पावत्या करणे, एकाच ‘सिस्टर’वर येऊन पडतात. वमनाच्या दिवशी वेग मोजणे, नाडी व रक्तदाब नोंदविणे आणि रुग्णाची पाठ धरणे या क्रिया एकाच व्यक्तीने एकाच वेळी करावयाच्या म्हटल्यास नोंद निश्चितच खोटी होते. त्या दिवशी तरी दुसरा मनुष्य द्यावा.

औषधालय-मालकांशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. साधा सूतशेखर व सुवर्ण सूतशेखर, लक्ष्मीविलास व महालक्ष्मीविलास, नारायण तेल व महानारायण तेल ही नामसाम्ये आपल्या कानांना परिचित आहेत, नवख्या परिचारिकेस नाहीत. त्यात ‘त्रि.की.’, ‘आ.व.’ अशी संक्षेपलिपी आणि चिठ्ठी नसलेल्या प्लॅस्टिकच्या बरण्या! त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे. अनुसूची ई-१ मधील अशा द्रव्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे नियमाने आवश्यक असते, ती बरणीत ओतताना नाहीशी होते. औषध मूळ वेष्टणातच कक्षात जावे. दूरध्वनीवरील तोंडी आदेश परिचारिकेने लिहून वैद्यास वाचून दाखवावा आणि वैद्याने येताच त्याखाली सही करावी. चूक घडली की दोष कनिष्ठाच्या माथी मारणे सोपे असते. कागद असेल तर सत्य कळते.

रात्रपाळीबाबत तर आपल्याच शास्त्रात मार्गदर्शन असताना आपण मौन पाळतो. रात्रिजागरण रूक्ष व वातवर्धक होय. वाग्भटांनी सात्म्य नसलेले जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता झोपावे असे सांगितले आहे. पाळी संपताच भरपेट न्याहारी करून निजणाऱ्या मुलींना आम्लपित्त व मलावष्टंभाच्या तक्रारी सुरू झाल्याचे पुष्कळदा दिसते. त्यांना हा एक नियम समजावावा, आणि रात्रपाळीनंतर लगेच दिवसपाळी लावू नये.

सिरावेध करणाऱ्या संस्थांमध्ये रुजू होतानाच कावीळ-ब लसीच्या तीन मात्रांची (०, १ व ६ महिने) चौकशी करावी. सुई टोचल्यास जागा पिळू नये. साबण-पाण्याने धुऊन तत्काळ कळवावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे लागते, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नसतो. रागावण्याच्या भीतीने मुलगी गप्प बसली तर ही मुदत टळते.

अनुरागाची अपेक्षा करताना आपल्या वर्तनाकडेही पाहावे. रुग्णासमोर तिला ‘अगं-तूगं’ करणारा वैद्य त्याच रुग्णाने तिचा मान राखावा अशी अपेक्षा कशी करू शकतो? अभ्यंगकक्षात पुरुष रुग्णाकडे नवख्या मुलीस एकटी पाठवू नये, हा संकेत आपल्या व्यवसायात जुनाच आहे. दहा वा अधिक कर्मचारी असल्यास २०१३ च्या कायद्यान्वये अंतर्गत समिती अनिवार्य आहे. त्याहून कमी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, हे तिला रुजू होतानाच सांगावे. नातेवाइकांच्या हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा परिचारिकांनाही लागू आहे.

राहिला वेतनाचा व नोकरी सोडण्याचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये मासिक वेतनाची शिफारस केली. अनेक लहान संस्थांना ते झेपत नाही, हे मान्य. परंतु त्यावर उपाय म्हणून मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवणे, ही पद्धत निंद्य आहे. मुलगी वर्षभराने शासकीय भरतीसाठी वा मोठ्या रुग्णालयात जाणार, हे गृहीतच धरावे.

त्याऐवजी पहिल्या दिवसापासून तिला एक नोंदवही द्यावी. तीत प्रत्येक कर्म किती वेळा पाहिले, किती वेळा साहाय्य केले आणि देखरेखीखाली स्वतः किती वेळा केले, अशा तीन रकान्यांत नोंद व्हावी व दरमहा वैद्याने स्वाक्षरी करावी. दुसऱ्या रकान्यात पुरेशा नोंदी झाल्याशिवाय तिसऱ्यात नोंद नको; किती पुरेशा, हे कर्मानुसार वैद्याने ठरवावे. नोकरी सोडताना अनुभवपत्रासोबत ही वही तिच्याच हाती द्यावी आणि तिची एक प्रत पुढील मुलीच्या शिक्षणासाठी संस्थेत ठेवावी.