डोंगरची काळी मैना

(करवंदांपासून घरच्या घरी जॅम कसा करतात आणि तो का टिकतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा कडाका वाढतो. रानातले गवत वाळून जाते. अशा दिवसांत डोंगरउतारावरच्या करवंदीच्या जाळ्या मात्र काळ्याभोर फळांनी लगडतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खुलताबाद-म्हैसमाळकडच्या डोंगरांत ही काटेरी झुडपे आढळतात. उर्दूत आपण ज्याला करौंदा म्हणतो, तेच हे करवंद. 'डोंगरची काळी मैना' हे त्याचे लाडके नाव! करवंद फोडून आतला रंग पाहायचा. लाल निघाला तर कोंबडा, पांढरा निघाला तर कोंबडी, असा खेळही मुले खेळतात.

पहाटे उठून, काट्यांतून हात घालून बायका-मुले करवंदे गोळा करतात आणि पानांच्या द्रोणांतून विकतात. परंतु पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. उरलेली फळे वाया जातात आणि त्यांबरोबर श्रमही वाया जातात. त्यांचा जॅम केला, तर हेच फळ वर्षभर खाता येते. फळे साखरेत टिकवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मराठीतला 'मुरंबा' हा शब्द अरबीतल्या 'मुरब्बा' या शब्दावरूनच आला आहे.

मुलांनो, रानफळे तोडण्यापूर्वी ती नीट ओळखता आली पाहिजेत. करवंदीला जाड, लंबगोल पाने, कणखर काटे आणि जाईसारखी पांढरी फुले असतात. तिचे पान किंवा फळ तोडले की पांढरा चीक निघतो. पण केवळ चिकावरून झाड ओळखू नका. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही करवंदीच्याच कुळातली झाडे आहेत. त्यांनाही चीक येतो. मात्र ती अतिशय विषारी आहेत. बिट्टीची पाने अरुंद व लांब असतात, फुले पिवळी असतात आणि तिला काटे नसतात. तिच्या फळात एकच कठीण बाठा असतो. करवंदात लहान, चपट्या बिया असतात. जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय कोणतेही रानफळ तोंडात घालू नये.

आता जॅमची कृती पाहू. तीन वाट्या पिकलेली आणि एक वाटी लालसर, अर्धकच्ची करवंदे घ्या. देठ काढून ती मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, म्हणजे चीक निघून जाईल. नंतर स्वच्छ धुऊन स्टीलच्या पातेल्यात थोड्या पाण्यात मऊ शिजवा. तांब्या-पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नका. करवंदाच्या आंबटपणाचा त्यावर परिणाम होतो. शिजलेली फळे चाळणीवर घासून गर काढा. बिया व साली वर राहतील. जितका गर, तितकीच साखर घालून मिश्रण सतत ढवळत आटवा. उकळता गर अंगावर उडतो, म्हणून हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

जॅम झाला हे कसे ओळखावे? थंड ताटलीत एक थेंब टाका. तो पसरला नाही आणि बोटाने सरकवल्यावर सुरकुतला, तर जॅम तयार झाला. उकळत्या पाण्यात ठेवून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत तो गरम असतानाच भरा आणि झाकण लावा.

जॅम घट्ट का होतो? फळात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर एकत्र आली की जॅम गोठतो. फळ फार पिकले की पेक्टिन कमी होते, म्हणून थोडी अर्धकच्ची फळे घ्यायची. आणि तो टिकतो का? साखर पाण्याला धरून ठेवते. बुरशीला व जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही. म्हणूनच बरणीत ओला चमचा कधी घालू नये.

प्रत्येक फळाला ही रीत चालत नाही. दौलताबादची सीताफळे गोड खरी, पण त्यांचा गर तापवला की कडवट होतो. पेरूत मात्र भरपूर पेक्टिन असते, त्यामुळे त्याची जेली छान होते.

करवंदे तोडताना फांद्या ओरबाडू नका. अभयारण्यात परवानगीशिवाय फळे तोडू नयेत. कन्नडजवळचे गौताळा हे असेच एक अभयारण्य आहे. इतर ठिकाणीही जाळीवर थोडी फळे राहू द्या. ती पाखरे खातात, बिया दूरवर टाकतात आणि त्यांतूनच नव्या जाळ्या उगवतात. रान राखले, तरच पुढच्या वर्षीही आपली बरणी भरेल.

शब्दार्थ
जाळी – दाट काटेरी झुडूप
द्रोण – पानांची वाटी
चीक – झाडातून निघणारा दुधासारखा रस
बाठा – फळातील मोठी, कठीण बी
आटवणे – उकळून घट्ट करणे

स्वाध्याय
1. करवंदी आणि बिट्टी यांतील तीन फरक लिहा.
2. कारणे द्या : (अ) जॅमसाठी थोडी अर्धकच्ची फळे घेतात. (आ) बरणीत ओला चमचा घालू नये.
3. वाक्यात उपयोग करा : वाया जाणे, लगडणे.
4. तुमच्या घरी मुरंबा किंवा लोणचे कसे करतात, ते आईला किंवा दादीला विचारा आणि पाच वाक्यांत लिहा.