बैलघोडा दवाखाना

परळचा बैलघोडा दवाखाना आपल्याला ठाऊक असेल. पाटीवरचे नाव मोठे आहे: बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय. पण एवढे लांब नाव कोण घेतो! लोकांनी दारात बैल पाहिले, घोडे पाहिले आणि आपले सोपे नाव ठेवले.

त्या काळी मुंबई जनावरांच्या बळावर चालत होती. कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून यायच्या. १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामसुद्धा घोडे ओढत. ओझे फार झाले की बैलाचा खांदा सुजे, घोडा रस्त्यात कोसळे. जनावरांचा हा छळ थांबवण्यासाठी १८७४ साली मुंबईत एक संस्था निघाली. गिरणीमालक दिनशा पेटिट यांनी दवाखान्यासाठी देणगी दिली आणि त्याला पत्नीचे नाव दिले. १८८४ साली दवाखाना उघडला. दोनच वर्षांनी परळला जनावरांचे डॉक्टर तयार करणारे कॉलेजही निघाले.

आता असा दवाखाना बांधायचा कसा, ते पाहू.

माणूस डॉक्टरला सांगतो, "इथं दुखतंय." बैल काय सांगणार? तो बिचारा आधीच बिथरलेला असतो. म्हणून बरेचसे काम इमारतीलाच करावे लागते. बैलाला पायऱ्या नकोत, उतार हवा. दार रुंद हवे. फरशी खरबरीत हवी. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकले, तर खुबा निखळतो. म्हणजे एका दुखण्याची दोन दुखणी झाली! घोड्याचे आणखी निराळे. तो फार वेळ आडवा पडला, तर स्वतःच्याच वजनाने त्याला श्वास घेणे जड जाते. मग पोटाखालून रुंद पट्टा घालून त्याला वरच्या तुळईचा आधार देतात. ती तुळई बांधतानाच भक्कम घातलेली बरी.

पुढे मोटारी आल्या, बैलगाड्या गेल्या. शहरातल्या मौजेच्या घोडागाड्याही २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. आता दारात कुत्री-मांजरे जास्त. जनावर बदलले, तशी इमारतही बदलायला हवी, नाही का?

जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा न्यासाने लहान जनावरांचे रुग्णालय सुरू केले. पाच मजले, सुमारे ९८ हजार चौरस फूट जागा, १६५ कोटी रुपये खर्च. रात्रीसुद्धा डॉक्टर असतात. हे रुग्णालय आधी नवी मुंबईत कळंबोलीला व्हायचे होते. पण आजारी जनावर घेऊन लोकांना एवढ्या लांब जावे लागेल, म्हणून रतन टाटा यांनी जागा बदलली. आम्हाला हा निर्णय त्या पाच मजल्यांहून मोलाचा वाटतो. धापा टाकणारे कुत्रे घेऊन लालबागचा माणूस कळंबोलीला कधी पोचणार? आणि टॅक्सीवाला तरी त्याला घेईल का?

पण सगळ्यांना पाच मजले कुठले परवडायला? एखाद्या डॉक्टरची गाळ्यातली एक खोली असते. काम वाढले, शेजारचा गाळा मिळाला. मग आधी काय करावे? पुष्कळजण आधी यंत्र आणतात. आमच्या मते आधी साथीच्या रोग्यांची खोली वेगळी करावी, आणि तिला रस्त्यावरून वेगळे दार ठेवावे. कुत्र्याच्या पिलांना पार्व्हो नावाचा रोग होतो. त्याचे विषाणू फरशीवर महिनोन् महिने जिवंत राहतात. साध्या साबणाने मरत नाहीत, ब्लीचिंगचे पाणीच लागते. लस टोचायला आणलेले चांगले पिलू त्याच फरशीवर बसले, तर रोग घेऊन घरी जाते. म्हणून फरशीला सांधे कमी हवेत, मोरीकडे उतार हवा, आणि त्या खोलीचे पाणी दुसऱ्या खोलीतून वाहता कामा नये.

अडचण अशी की, यंत्राला देणगीदार मिळतो. यंत्रावर नावाची पाटी लावता येते. मोरीवर कोण पाटी लावून घेणार!

मांजरासाठी एक युक्ती फार स्वस्त आहे. भिंतीला उंच फळी ठोकावी आणि मांजराची टोपली तिच्यावर ठेवावी. खाली कुत्रे भुंकत असले की मांजर इतके घाबरते की, डॉक्टरला त्याच्या छातीचे ठोके नीट मोजता येत नाहीत.

आपण पिलू घेऊन दवाखान्यात गेलात आणि त्याला उलट्या व रक्ताचे जुलाब होत असतील, तर रांगेत बसू नका. त्याला खाली ठेवू नका. दारातूनच हाक मारा आणि सांगा, "पिलाला रक्ताचे जुलाब होताहेत, आम्ही बाहेर थांबतो." डॉक्टर रागावणार नाहीत.