पूर्ण एक मिनिट

उज्जैनच्या वॉर्डांतून मी तीस वर्षांहून जास्त काळ नर्सचं काम केलं. मॉर्फिन, फोर्टविन, ट्रामाडॉल, फेंटानिल ही सगळी अफूच्या कुळातली किंवा तिच्यासारखं काम करणारी औषधं. किती वेळा माझ्या हातून दिली गेली, त्याची गणती नाही. त्यांनी श्वास मंदावतो हे पहिल्या वर्षीच पाठ केलं होतं. पण पाठ होणं वेगळं आणि कळणं वेगळं. कळायला मला एक रात्र लागली. नव्या मुलींना जे सांगत आले, ते इथे लिहून ठेवते.

१. मोजल्याशिवाय १८ लिहायचं नाही

नोकरीचं दुसरं वर्ष. फ्रीगंजातल्या एका मराठी घरातल्या आजी, मांडीचं हाड मोडलेलं, दुपारी ऑपरेशन झालेलं. संध्याकाळी फोर्टविन-फेनरगन दिलं. कण्हणं थांबेना म्हणून रात्री पुन्हा तेच, आणि जीव घाबरा होतोय म्हणून वर काम्पोज, झोपेचं औषध. दोनच्या फेरीला आजी घोरत होत्या. पायाशी बसलेल्या मुलानं हात जोडले, "ताई, आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नका." मी नाडी पाहिली, बीपी घेतलं, श्वासाच्या रकान्यात १८ लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. वरच्या सगळ्या ओळींत १८च होतं.

वीस मिनिटांनी आमच्या थोरल्या सिस्टर आल्या. त्यांनी चार्ट उघडलाच नाही. आजींच्या पोटावर तळवा ठेवला आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. पूर्ण एक मिनिट. सहा श्वास. टॉर्च मारला तर बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. त्यांनी हनुवटी वर उचलून जबडा पुढे ओढला, घोरणं तिथेच थांबलं, आणि मला म्हणाल्या, "अँबू दाब." उताऱ्याचं इंजेक्शन, नॅलोक्सोन, ट्रॉलीत नव्हतं. ते दुसऱ्या मजल्यावरून येईपर्यंत आणि भूलतज्ज्ञ पोचेपर्यंत मी श्वास देणारी अँबूची पिशवी दाबत होते. आजी वाचल्या. काही दिवसांनी वॉकर धरून घरी गेल्या.

तो अठरा मी मोजला नव्हता, हे मी सकाळी सिस्टरांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "माझे श्वास मोज." मी टक लावून बघायला लागले तशी त्यांची लय बदलली. मग त्यांनी शिकवलं की मनगट धरून ठेवायचं, नाडी बघतोय असं रुग्णाला वाटू द्यायचं आणि नजर छातीवर ठेवायची. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. मंद श्वास अनियमित असतो, गुणाकारात तो निसटतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० ठीक. दहाच्या खाली गेले की डॉक्टरांना बोलवायचं. आठच्या खाली गेले तर आधी हनुवटी उचलायची, हाक तिथूनच मारायची.

२. आधी झोप येते, मग श्वास जातो

रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या देठातली केंद्रं छातीला ढोसतात, घे श्वास. अफूच्या औषधानं ही ढोसणीच बोथट होते. माणूस गुदमरत नाही, धडपडत नाही, म्हणून नातेवाइकांना तो सुखात दिसतो. खरं तर घोरणं म्हणजे ढिली पडलेली जीभ वाट अडवतेय. श्वास ढासळण्याआधी बहुतेक वेळा गुंगी चढते, आणि तीच आपल्याला मिळालेली मुदत. म्हणून हाक मारायची, नाव विचारायचं. उत्तर देता देता, वाक्याच्या मध्येच ज्याचे डोळे मिटतात, त्याचा पुढचा डोस थांबवून आधी डॉक्टरांना सांगायचं. आकडा चौदा असला तरी.

"चैन से सोने दो सिस्टर," असं घरचे कळवळून म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांचाच हात पेशंटच्या पोटावर ठेवावा आणि सोबत मोजावं. एकदा मोजलं की ते रात्रभर आपल्यासोबत जागतात. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

३. ऑक्सिमीटरचा ९८

कोविडनंतर हे यंत्र घरोघरी आलं आणि बोटाला लावलं की निर्धास्त होण्याची सवय लागली. पेशंटच्या नाकाला ऑक्सिजन चालू असेल तर श्वास निम्म्यावर आले तरी पडद्यावर ९७-९८ दिसत राहतं. आत कार्बन डायऑक्साइड साचत असतो, आणि तो या यंत्राला मोजता येत नाही. आकडा घसरतो तेव्हा बराच वेळ हातचा गेलेला असतो.

४. दोन झोपाळू औषधं एका रात्रीत

दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या वेळी लिहिलेली. आजींचं तेच झालं होतं. दुखण्याचं एक, झोपेचं एक, उलटीसाठी फेनरगन. प्रत्येक कागद आपल्या जागी बरोबर होता. ते एकत्र फक्त नर्स बघते.

ट्रामाडॉल "साधं" समजून देणाऱ्यांनाही हेच सांगते. एप्रिल २०१८मध्ये ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं ते उगाच नाही. मूत्रपिंड थकलेल्या माणसात ते साचतं, मॉर्फिनचे अवशेष तर फारच. कोडीन आणि ट्रामाडॉल बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ साली बजावलं. काही मुलांचं यकृत कोडीनचं मॉर्फिन फार वेगानं करतं आणि ती झोपेतच जातात.

५. दुखणं गेलं की डोस मोठा होतो

लघवी तुंबलेले एक काका, पोट फुगलेलं, ओरडत आलेले. इंजेक्शन दिलं, मग नळी घातली, लिटरभर लघवी निघाली. दुखणं गेलं. इंजेक्शन मात्र अंगात होतंच, आणि तोवर त्याच्याशी झगडणारी वेदना आता नव्हती. तासाभरात काका हाकेला ओ देईनात. तेव्हापासून हाड बसवल्यावर, गळू फोडल्यावर, नस बधिर केल्यावर मी पेशंटजवळून लगेच हलत नाही.

फेंटानिलच्या पट्टीवर शेकण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेनं औषध जास्त झिरपतं. आणि पट्टी काढली तरी कातडीत साठलेलं पुढे कित्येक तास रक्तात येत राहतं.

६. उतारा आधी उतरतो

नॅलोक्सोननं पेशंट डोळे उघडतो, सगळे हुश्श करतात, गर्दी पांगते. त्याचा असर अर्धा ते दीड तास. मॉर्फिनचा त्याहून लांब. पेशंट पुन्हा बुडू शकतो, आणि या वेळी खाटेजवळ कुणी नसतं. दुसरं असं की नॅलोक्सोन एकदम सगळं ढकलू नये. पातळ करून थोडं थोडं द्यावं, श्वास परत येण्यापुरतं. नाहीतर वेदना एका झटक्यात उसळते. ते अंमली औषध नाही, कुलपात ठेवू नका, ट्रॉलीत ठेवा.

७. भीती

वरचं सगळं ऐकून मुली घाबरतात, आणि घाबरलेली नर्स डोस चुकवते. हे मी पाहिलंय.

मंदसौरकडचे एक शेतकरी, जबड्याचा कर्करोग. मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहिलेली. रात्रीच्या सिस्टरनं दोनची गोळी दिली नाही. श्वास थांबला तर माझ्या माथी येईल, म्हणाली. तो माणूस उजाडेपर्यंत गमछा दातांत धरून कण्हत होता. मंदसौर-नीमचच्या शेतांत परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, तिथून तिचं औषध होतं. ज्याच्या शिवारात ती फुलते, त्याला एक गोळी मिळाली नाही, हे मला अजून सोसत नाही. अंमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यानं रुग्णालयांना या औषधाची धास्ती घातली. २०१४च्या दुरुस्तीनं कागद सोपे केले, पण मनातली धास्ती तशीच राहिली.

थोड्या डोसापासून चढवत नेलेली तोंडावाटेची गोळी नीट घेतली तर श्वास सहसा बंद पडत नाही. आधी गुंगी येते, आणि ती दिसते. नक्की होतं ते बद्धकोष्ठ, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. मी त्या सिस्टरला बोल लावला नाही. पुढच्या रात्री तिच्यासोबत थांबले. दोन वाजता तिनंच गोळी दिली. तीनला आम्ही दोघी खाटेशी गेलो. तिनं हाक मारली, काकांनी डोळे उघडून पाणी मागितलं आणि पुन्हा मिटले. तिनं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत राहिली, मी काही बोलले नाही. मग तिनं चार्टवर लिहिलं, १३.